माळ्यावरचा व्हिडिओ गेम

मैत्रिणींनो, दिवाळीच्या आधी माळा आवरायला काढला की आपण दोन ढीग करतो. एक ठेवायचा, एक भंगारवाल्याचा. पितळेचा बंब, तांब्याची कळशी ठेवायच्या ढिगात जातात, कारण त्यांना मोल आहे हे कुणी सांगावं लागत नाही. फुटक्या बादल्या आणि जुन्या वह्या दुसऱ्या ढिगात. मग हाताला लागतो एक पिवळट पडलेला प्लॅस्टिकचा डबा, त्याला गुंडाळलेल्या वायरी, आणि बुटाच्या खोक्यात भरून ठेवलेल्या चपट्या, पिवळ्या नि काळ्या कॅसेटी. मुलांचा व्हिडिओ गेम. हा बहुतेक घरांत विचार न करता दुसऱ्या ढिगात जातो. तो तिकडे टाकू नका, एवढं सांगायला आज मी लिहायला बसले आहे. आणि नुसता जपून ठेवा असंही माझं म्हणणं नाही. तो पुसा, टीव्हीला लावा आणि स्वतः खेळा.

हसलात ना? हसा. माझ्या जाऊबाईही हसल्या होत्या. आता त्याच फोन करून विचारतात, "अगं, तो अस्वलाच्या, नाही, कासवाच्या पुढे कसं जायचं?"

ज्यांची मुलं १९९० नंतरच्या दहा वर्षांत वाढली, त्यांना हा डबा कसा असतो ते सांगायला नको. कुणाकडे 'समुराई' नावाचा होता, कुणाकडे ज्याच्यावर धड नावच नाही असा. पण पोटातून सगळे एकाच घराण्याचे. जपानात क्योतो शहरात निन्टेन्डो नावाची कंपनी आहे. १८८९ साली ती सुरू झाली ती खेळायचे पत्ते करण्यासाठी. त्या पत्त्यांच्या कंपनीने १५ जुलै १९८३ रोजी घरच्या टीव्हीला जोडायचा एक खेळ बाजारात आणला आणि त्याचं नाव ठेवलं 'फॅमिली कॉम्प्युटर'. मासायुकी उएमुरा या इंजिनिअरच्या देखरेखीखाली तो घडला. जगभरात त्याचे सहा कोटींहून जास्त नग खपले. आपल्या घरांत आल्या त्या मात्र बहुतेक त्याच्या नकला, तैवान, हाँगकाँग, चीनमधून आलेल्या. मूळ डबा करणं कंपनीने २००३ साली थांबवलं आणि २००७ साली दुरुस्तीला घेणंही बंद केलं. म्हणजे आता या खेळाला कंपनीचा आधार नाही. जे काय आहे ते आपल्या माळ्यावर आणि आपल्या हातात.

आम्हा शहाडच्या लोकांना असला माल घ्यायला लांब जावं लागत नव्हतं. उल्हासनगर इथून रिक्षाच्या अंतरावर. तिथल्या बाजारातल्या वस्तूंवर 'मेड इन यूएसए' लिहिलेलं असतं आणि यूएसए म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन', हा विनोद आमच्याकडे लहान मुलंही करतात. १९९५ च्या दिवाळीला बोनस झाला तेव्हा ह्यांनी तो डबा तिथूनच आणला. 'मुलांसाठी' म्हणून आणला. मुलांपैकी एक साडेतीन वर्षांचा होता आणि दुसरी पाळण्यात होती. तेव्हा खरा कुणासाठी, ते तुम्ही ओळखलं असेलच.

तेव्हा आम्ही दोन खोल्यांत सहा माणसं होतो. ह्यांची दुसरी पाळी असली की घरी यायला साडेअकरा व्हायचे. मी ताट वाढायची, हे जेवायचे, आणि पुढची अर्धी-पाऊण तास झोप येत नाही म्हणून हे टीव्हीचा आवाज बंद करून तो डबा लावायचे. मी भांडी विसळून येईपर्यंत दुसरा रिमोट माझ्यासाठी सतरंजीवर काढून ठेवलेला असायचा.

आता तुमच्यापैकी ज्यांनी एकत्र कुटुंबात संसार केला आहे त्यांना मी काय सांगते आहे ते चटकन कळेल. त्या घरात नवऱ्याशेजारी खांद्याला खांदा लावून अर्धा तास बसायचं, याला निमित्त लागत असे. दिवसा ते शक्यच नव्हतं. रात्री बोललं तर आतल्या खोलीत ऐकू जायचं. पण खेळाला कोण काय म्हणणार? सासूबाई जाग्याच असायच्या. आतूनच विचारायच्या, "मेले का रे सगळे शत्रू? मग झोपा आता." आम्ही तोंडावर हात ठेवून हसायचो. लग्नाला पाच वर्षं झाली होती आणि मला वाटतं, आम्ही एकमेकांबरोबर हसायला लागलो ते तेव्हापासून.

'कॉन्ट्रा' नावाचा खेळ आम्ही खेळत असू. कोनामी कंपनीचा, १९८८ सालचा. दोन शिपाई बरोबरीने जंगलातून पळत जातात. त्यात तिसऱ्या टप्प्यात एक धबधबा आहे. दगडावरून दगडावर उड्या मारत वर चढायचं. गंमत अशी की एकजण भराभर वर गेला की चित्र त्याच्याबरोबर वर सरकतं आणि मागे राहिलेला पडद्याच्या खालच्या कडेला जाऊन मरतो. शत्रूने काही करायची गरजच नाही! ह्यांना चढायची घाई आणि मी चाचपडत मागे. दर वेळी मी मरायची. दोनचार दिवस गप्प राहिले, मग एकदा मोठ्याने म्हणाले, "अहो, थांबा की जरा. मी खाली आहे." त्या घरात मी ह्यांना 'थांबा' म्हटल्याचं ते पहिलंच वाक्य. आणि हे थांबले. त्यानंतर आम्ही एक दगड तुम्ही, एक दगड मी, असं चढत असू.

आणखी एक मजा सांगते. मूळ जपानी डब्याच्या दुसऱ्या रिमोटला 'स्टार्ट'चं बटणच नसे. त्याच्या जागी बोलायचा छोटा माइक होता. नकला करणाऱ्यांनी माइक गाळला, पण बटण बहुतेकांनी तसंच नसलेलं ठेवलं. म्हणजे खेळ सुरू करायचा आणि मध्येच थांबवायचा तो पहिल्या रिमोटवाल्यानेच. दुसऱ्याने फक्त खेळायचं. दूध उतू गेलं तरी "अहो, थांबवा हो" म्हणून विनवायचं! पाहुणे आले, मुलं आली की आपल्या वाट्याला कुठला रिमोट येतो ते वेगळं सांगायला नको. म्हणून माझा पहिला सल्ला: डबा खाली काढलात की पहिला रिमोट तुम्ही घ्या.

तर काय सांगत होते? मुलं मोठी झाली, कॉम्प्युटर आला, मोबाइल आले, आणि आमचा डबा माळ्यावर गेला. माळ्यावर गेला म्हणूनच वाचला, कारण २६ जुलै २००५ च्या पुरात उल्हास नदीचं पाणी शिरलं तेव्हा खाली होतं त्यातलं फारसं काही राहिलं नाही. पुढे तो तिथेच राहिला. २०२२ साली हे निवृत्त झाले. मुलगा पुण्याला, मुलगी सासरी. घरात दोघंच. सकाळी फिरून येताना बिर्ला मंदिरात विठोबाचं दर्शन, मग पेपर, मग जेवण, आणि संध्याकाळी हे एका कोपऱ्यात मोबाइल घेऊन, मी दुसऱ्या कोपऱ्यात मालिका लावून. भांडण नव्हतं. भांडणाला निदान दोघं तरी बोलतात! तीस वर्षं पाळ्या करून आलेला माणूस घरी बसला की त्याला घर नवं असतं आणि घराला तो. हे मी एकटीचं सांगत नाही, तुमच्या बिल्डिंगमध्येही चार घरं अशी असतील. तेव्हा मला त्या डब्याची आठवण झाली.

काढला तो चालू झाला नाही. सत्तावीस वर्षांची वस्तू, लगेच कशी चालेल? पण तो चालू करायला जे जे केलं त्यात बरंच कळलं, ते तुमच्या उपयोगी पडेल.

आधी अ‍ॅडाप्टर बघा. बिघाड तिथे निघण्याचा संभव मोठा. जुना अ‍ॅडाप्टर गुणगुणत असेल, भाजण्याइतका तापत असेल, वायर कडक होऊन तडकली असेल, तर तो लावूच नका. नवा घेताना 'बसला की झालं' असं करू नका. जुन्यावर छापलेले व्होल्ट बघा, पुष्कळांवर डीसी ९ व्होल्ट असतं. त्याच्याशेजारी एक छोटं चित्र असतं, मध्ये ठिपका, भोवती अर्धगोल, आणि दोन्हींना अधिक-उणे अशा खुणा. त्या खुणा नव्यावरही तशाच हव्यात. मूळ जपानी डब्यात मधला ठिपका उणे असे, आज दुकानात मिळतात त्या बहुतेक अ‍ॅडाप्टरांत तो अधिक असतो. उलटा लावला तर डबा कायमचा जाऊ शकतो. जुना अ‍ॅडाप्टर आणि डबा दोन्ही घेऊन टीव्ही दुरुस्त करणाऱ्याकडे जा आणि मीटर लावून बघायला सांगा. पाच मिनिटांचं काम आहे.

डब्याच्या आत एक तीन पायांचा छोटा भाग असतो. आलेल्या ९ व्होल्टचे तो ५ व्होल्ट करतो आणि उरलेल्याची उष्णता करून टाकतो. त्यामुळे डबा थोडा कोमट होणं साहजिक आहे. पण म्हणूनच, मैत्रिणींनो, त्याच्यावर आपला हौसेने विणलेला क्रोशाचा रुमाल घालू नका! निदान चालू असताना तरी नको. आणि शहाड-कल्याणकडच्यांना भारनियमनाचे दिवस आठवत असतील. वीज परत येताना झटका देऊन येते. वीज गेली की आधी अ‍ॅडाप्टर काढून ठेवायचा.

आता कॅसेट. कॅसेट लागली नाही की आपली मुलं काय करायची? तोंडाशी धरून फुंकर मारायची आणि परत खोचायची. आणि लागायचीही! साऱ्या जगातली मुलं असंच करत होती. पण फुंकरीने काही होत नव्हतं. कॅसेट काढून परत बसवली की आतल्या पट्ट्या पुन्हा नीट टेकतात, एवढंच. उलट फुंकरीतल्या ओलाव्याने पट्ट्या काळ्या पडतात. फुंकू नका, असं निन्टेन्डोही सांगत असे. त्यापेक्षा कान साफ करायची कापसाची काडी घ्या, ती आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये जराशी बुडवा (इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतं, औषधाच्या दुकानात विचारा) आणि कॅसेटच्या तोंडाशी दिसणाऱ्या पट्ट्या हलक्या हाताने पुसा. एका बाजूला तीस, दुसऱ्या बाजूला तीस, अशा साठ असतात. काडी काळी होऊन आली की समजा काम होतं आहे. दुसरी काडी घ्या, ती स्वच्छ येईपर्यंत पुसा. मग दहा मिनिटं वाळू द्या. रॉकेल नको, खोबरेल नको, घासणीचा तर विचारही नको. माझ्या बारा कॅसेटींपैकी नऊ या एवढ्यानेच लागल्या. आणि डबा चालू असताना कॅसेट कधीही ओढायची नाही.

रिमोटचं बटण दाबलं तरी शिपाई उडी मारत नसेल तर रिमोट उघडून बघायला घाबरू नका. मागे पाच-सहा स्क्रू असतात. काढलेले स्क्रू वाटीत टाकायचे, नाहीतर एक हमखास कपाटाखाली जातो. आत रबराचं एक पातळ कापड असतं, त्याला बटणांखाली काळे गोल ठिपके. ते ठिपके खालच्या पट्टीला टेकले की बटण लागतं. तीस वर्षांचा घाम, शेव-चिवड्याचं तेल, सगळं तिथे साचलेलं असतं. आमच्यात तर साखरेचा पाकही होता, बहुधा शंकरपाळ्यांचा! त्याच अल्कोहोलने पट्टी पुसा, रबर साध्या पाण्याने धुऊन सावलीत पूर्ण वाळवा. इतकं करून बटण बोललं नाही तर वायर रिमोटच्या गळ्याशी तुटलेली असते. तिथे कापून पुन्हा डाग देणं मेकॅनिकला सहज जमतं. फक्त आतली पाटी उघडली की मध्ये काळ्या लाखेचा थेंब सांडल्यासारखा दिसतो ना, त्याला हात लावायचा नाही. सगळा जीव त्या थेंबाखाली आहे. तो बिघडला तर नंतरच्या स्वस्त डब्यांत दुरुस्ती नाही. बाकी सगळं होतं.

ठेवायचं कसं तेही सांगते. आपण पापड-कुरडयांसारखं सगळ्यालाच ऊन दाखवतो, पण या डब्याला ऊन दाखवू नका. त्याचा पिवळेपणा उन्हाने वाढतो. डांबराच्या गोळ्याही त्याच्याशेजारी नकोत, त्यांच्या वाफेने काही प्लॅस्टिक मऊ पडतं. नव्या चपलांच्या, पर्सच्या खोक्यात दमट धरणाऱ्या खड्यांच्या छोट्या पुड्या येतात त्या मी फेकत नाही. चार पुड्या घालून घट्ट झाकणाच्या डब्यात कॅसेटी ठेवल्या की आषाढ-श्रावण निर्धास्त जातो. आमच्याकडे नदीकाठची हवा. भिंतीला हात लावला तर ओला होतो, तिथे कॅसेटींचं काय!

टीव्हीला जोडताना मात्र धीर धरा. जुन्या ट्यूबच्या टीव्हीला पिवळी आणि पांढरी पिन लावली की झालं. नव्या सपाट टीव्हीला मागे बघा. काहींना पिवळी-पांढरी-लाल अशी भोकं असतात, काहींना पिवळ्याऐवजी हिरवं भोक असतं आणि पिवळी पिन त्यातच लावायची असते. काहींना 'एव्ही' लिहिलेलं एकच बारीक भोक असतं, त्याची तीन तोंडांची वायर टीव्हीबरोबर आलेली असते. ती वायर तुमच्या कुठल्यातरी खणात आहे, शोधा. भोकच नसेल तर 'एव्ही टू एचडीएमआय' नावाची काड्यापेटीएवढी डबी मिळते. नाव नीट वाचून घ्या. अगदी तशीच दिसणारी 'एचडीएमआय टू एव्ही'ही असते, ती उलटी चालते, तिचा उपयोग नाही. चित्र काळं-पांढरं आलं तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये कलर सिस्टीम 'ऑटो' करा. आडवं ताणलेलं, सगळे शिपाई जाडजूड दिसले तर चित्राचा आकार '४:३' करा. आणि बटण दाबल्यावर उडी उशिरा पडते असं वाटलं तर तुमचा हात मंद झालेला नाही बरं का. नवे टीव्ही चित्र सुबक करण्यात क्षणभर घालवतात. 'गेम मोड' चालू केला की तो उशीर कमी होतो. मला आधी वाटलं होतं की वय झालं!

आता खेळायचं काय? कॅसेटीवर लिहिलेलं '९९९९९९ इन १' वगैरे मनावर घेऊ नका. आत पाच-दहा खेळ असतात, तेच वेगवेगळ्या टप्प्यांवरून सुरू करून आकडा फुगवलेला. सेलमधल्या साड्यांसारखंच ते.

नवशिक्यांनी 'टेट्रिस' घ्यावा. मॉस्कोच्या अलेक्सी पाजितनोव्ह यांनी १९८४ साली रचलेला. वरून वेगवेगळ्या आकाराच्या विटा येतात, त्या फट न ठेवता बसवायच्या. गावी जाताना एका बॅगेत चौघांचे कपडे बसवणाऱ्या बाईला हा खेळ कुणी शिकवायची गरज नाही. मी हे गर्वाने सांगते, यात ह्यांना मी कधी जिंकू दिलेलं नाही.

'मारिओ' सगळ्यांना माहीत आहे. १९८५ सालचा हा अख्खा खेळ ४० किलोबाइटमध्ये बसवलेला आहे. सकाळी आपल्याला येणारं 'सुप्रभात'चं एक चित्र बहुतेक त्याहून मोठं असतं! जागा वाचवायला करणाऱ्यांनी काय युक्ती केली पाहा. आकाशातला ढग आणि जमिनीवरचं झुडूप हा एकच आकार आहे, एकदा पांढरा रंगवलेला, एकदा हिरवा. उरलेल्या कापडातून पिशवी शिवणाऱ्यांना हे आवडेल. त्यात सगळे जीव गेले की पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागतं म्हणून पुष्कळजणी कंटाळतात. त्यावर उपाय आहे. 'गेम ओव्हर' झाल्यावर 'ए' बटण दाबून धरायचं आणि मग 'स्टार्ट' दाबायचं. ज्या जगात मेलात त्याच जगाच्या सुरुवातीपासून खेळ पुन्हा मिळतो. हे आमच्या मुलांना ठाऊक होतं आणि त्यांनी आम्हाला सांगितलं नव्हतं! 'कॉन्ट्रा'तही पहिल्या पाटीवर वर-वर, खाली-खाली, डावं-उजवं, डावं-उजवं, मग 'बी', 'ए' आणि 'स्टार्ट' असं केलं की तिनाऐवजी तीस जीव मिळतात. दोघं खेळणार असाल तर 'स्टार्ट'च्या आधी एकदा 'सिलेक्ट'. काही कॅसेटींत ते आधीच दिलेले असतात. ही लबाडी आहे का? माझ्या मते नाही. साठीच्या बोटांना तेवढी सवलत हवी.

पण दोघांनी मिळून खेळायचा असेल तर माझं मत 'बॅटल सिटी'ला. आमच्याकडे त्याला सगळे 'रणगाडा' म्हणतात. नाम्को कंपनीचा, १९८५ चा. खाली मध्यभागी एक गरुड असतो, तो सांभाळायचा. पस्तीस टप्पे आहेत. यात चुकून आपल्या जोडीदाराला गोळी लागली तर तो मरत नाही, फक्त थोडा वेळ जागच्या जागी खिळतो. मरण नाही, तेवढी अद्दल! आता हे 'चुकून' दिवसातून किती वेळा होतं ते विचारू नका. शिवाय त्यात 'कन्स्ट्रक्शन' म्हणून आहे, विटा, पाणी, झाडं मांडून आपलं आपण मैदान तयार करता येतं. आमचा नातू सुट्टीत आला की तासभर तेच करतो.

त्या नातवाचं सांगते. आठ वर्षांचा आहे. पहिल्या दिवशी खेळता खेळता मला विचारतो, "आजी, यात जाहिरात कधी येते?" मी म्हटलं, येत नाही. "मग पैसे कधी मागतात?" मागत नाहीत. त्याचा विश्वास बसेना. त्याच्या मोबाइलवरच्या खेळात दर पाच मिनिटांनी काहीतरी विकत घ्या म्हणतात, न घेतलं तर पुढे जायला उद्यापर्यंत थांबा म्हणतात, आणि थांबवावं असं कधी कुणी म्हणतच नाही. आमच्या डब्याला इंटरनेट नाही, याला कुणाचं नाव-गाव ठाऊक नाही. कॅसेटीत आहे तेवढंच आहे. जीव संपले की संपलं आणि बहुतेक खेळांत 'उद्या इथूनच पुढे' अशी सोय नाही. म्हणून जेवायला हाक मारली की उठता येतं. मी नव्या यंत्रांना नावं ठेवत नाही. पण २०२१ साली प्लेस्टेशन ५ भारतात आलं ते ४९,९९० रुपयांना, आणि त्यानंतर त्याच्या कॅसेटींचे, म्हणजे डिस्कचे पैसे वेगळे. ज्यांना परवडतं त्यांनी जरूर घ्यावं. आपल्या घरात आधीच आहे ते मात्र आधी वापरून बघावं. निन्टेन्डोलाही हे कळलंच की! २०१६ साली त्यांनी जुन्या डब्याची छोटी आवृत्ती काढली, तेच जुने तीस खेळ घालून, आणि ती हातोहात खपली.

तुम्ही म्हणाल, आम्हाला वेळ कुठे आहे? मैत्रिणींनो, मालिकेला आपल्याला वेळ असतो. मालिका अर्ध्या तासाची आणि ती संपत कधीच नाही. 'रणगाड्या'चे तीन टप्पे वीस मिनिटांत होतात. आम्ही साडेसहाला बसतो, सातला दिवा लावायच्या आधी उठतो. डाळ-तांदळाचा कुकर चढवून बसलं की तीन शिट्ट्यांनी आपोआप आठवण होते. "लोक काय म्हणतील" याचंही उत्तर माझ्याकडे आहे. आमच्या शेजारच्या बाई एकदा दार उघडं बघून आत आल्या, भजनाचं विचारायला. ह्यांनी पटकन रिमोट उशीखाली लपवला! मी माझा लपवला नाही. त्या बाई आता शुक्रवारी भजनानंतर पंधरा मिनिटं 'टेट्रिस' खेळून जातात.

हे अजून फार बोलत नाहीत. तो स्वभाव आहे, तो डबा काय बदलणार? पण "डावीकडून येतोय बघ", "तू गरुडापाशी थांब, मी पुढे जातो", "आता तू जा" एवढं तरी रोज बोलणं होतं. तेवढ्यात कधी मध्येच पेन्शनच्या कागदाचं निघतं, कधी गुडघ्याचं, कधी मुलाच्या फोनचं. समोरासमोर बसून "काय बोलायचंय ते बोला" म्हटलं की ह्यांच्या तोंडून शब्द फुटत नाही. शेजारी बसून दोघांची नजर टीव्हीवर असली की फुटतो. मागच्या श्रावणात ह्यांनी डॉक्टरांनी सांगितलेली एक गोष्ट मला सांगितली, जी आठ दिवस मनात ठेवली होती. रणगाडा चालवता चालवता, माझ्याकडे न बघता. मी पहिल्या रिमोटचं 'स्टार्ट' दाबलं आणि खेळ थांबवला. (तपासण्या झाल्या, औषध चालू आहे, आता बरं आहे.)

शेवटी बंदुकीचं राहिलं. पुष्कळांच्या डब्याबरोबर बदकं मारायची प्लॅस्टिकची बंदूक आली होती. ती नव्या टीव्हीवर चालत नाही, आणि ती बिघडलेली नसते. घोडा ओढला की पडदा क्षणभर काळा होतो, बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो, आणि बंदुकीच्या नळीतला डोळा तो उजेड दिसला का ते बघतो. जुन्या ट्यूबच्या टीव्हीत चित्र त्याच क्षणी रेघेरेघेने उमटतं म्हणून ते जमतं. नव्यात चित्र उशिरा येतं, तोवर बंदुकीचं बघून झालेलं असतं. तेव्हा तुमच्याकडे ट्यूबचा टीव्ही अजून चालू असेल तर तो बंदुकीसाठी ठेवा, त्याच्यावर हा सगळा खेळच छान दिसतो. मात्र एकच चित्र तासन् तास थांबवून ठेवू नका, काचेवर त्याचा डाग राहतो. आणि तो टीव्ही बिघडला तर घरी उघडू नका, बंद असतानाही त्याच्या आत जोराचा झटका बसेल एवढी वीज साठलेली असू शकते. फोडून विकायलाही देऊ नका, त्या काचेत शिसं असतं. ई-कचरा घेणाऱ्यांकडेच तो द्या. बंदूक नातवाला द्या. आमचा नातू ती घेऊन गॅलरीत उभा राहतो आणि गच्चीवरच्या कबुतरांवर नेम धरतो. कबुतरं ढिम्म हलत नाहीत.